घरगुती कारणास्तव

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्रात तुमच्या पुरवणीत नऊ दिवस नऊ उद्योजक बायकांवर लेख येतात. मी ते दरवर्षी वाचते. यंदा त्यासाठी कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि तुमच्याकडची एक मुलगी माझ्याशी फोनवर अगदी आपुलकीनं बोलली. तिनं तीन गोष्टी मागितल्या. कामाच्या ठिकाणचा एक फोटो, घरच्या सगळ्यांबरोबरचा एक फोटो आणि ‘घर सांभाळून हे सगळं कसं जमवता’ यावर चार ओळी. पहिला फोटो मी तासाभरात पाठवला, बाकी दोन्हींना नाही म्हटलं. ती म्हणाली, “पण मॅडम, वाचकांना तेच आवडतं.” पुढे लेख आला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जागेची अडचण असते हे मला कळतं. पण मी नाही का म्हटलं, ते मला फोनवर तिला नीट सांगता आलं नाही. ते मनात राहून गेलं, म्हणून हे पत्र.

मी सांगलीत कांदा-लसूण चटणी, हळद आणि दिवाळीचा फराळ करून विकते. २०१४ मध्ये घरच्या ओट्यावर सुरुवात केली. आता खणभागात भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या आहेत, चार बायका बारमाही कामाला असतात, दिवाळीत नऊ होतात. मार्च ते मे चटणीचा हंगाम. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. मिरची खडखडीत वाळवायची, देठ खुडायचे, मसाला तेलात परतायचा, सगळं कांडपावर नेऊन कुटून आणायचं. गिऱ्हाइकं सांगली-मिरजेतली, पुण्या-मुंबईची, आणि दिवाळीला परदेशातल्या मुलांना डबे पाठवणारे आईवडील. यातला जवळजवळ सगळा धंदा फोनवर चालतो. दुकान असं माझ्याकडे नाहीच. स्टेटस हीच माझी पाटी आणि तेच माझं शोकेस.

माझ्या वडिलांचं मात्र दुकान होतं, मिरजेत, किराणा मालाचं. पुढे दुकान, मागे आम्ही राहायचो, मधे एक जाड निळा पडदा. आईच्या फोडणीचा ठसका गिऱ्हाइकाला लागायचा. आमची भांडणंही बाहेर ऐकू जात असणार. तरी त्या पडद्याचे नियम होते. गिऱ्हाईक असताना आई पुढे येत नसे, ताट वाढलं की आतून कडी वाजवायची. आम्ही भावंडं शाळेतून आलो की दुकानातून घरात शिरायचं नाही, बोळातल्या दारानं यायचं. १९८९ साली माझी आजी गेली तेव्हा वडिलांनी फळ्यावर खडूनं लिहिलं : ‘घरगुती कारणास्तव दुकान गुरुवारपर्यंत बंद राहील. तसदीबद्दल क्षमस्व.’ मी तिसरीत होते. मी विचारलं, आजी गेली असं का नाही लिहिलं? ते म्हणाले, “दुकान कधी उघडणार एवढंच गिऱ्हाइकाला हवं असतं.” त्या चार दिवसांत गल्लीतली कितीतरी माणसं आईला भेटायला आली. त्यातली निम्मी तर रोजची गिऱ्हाइकं होती. पण ती सगळी बोळातल्या दारानं आली. दुकानाच्या दारातून एकही जण आला नाही. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मी धंदा सुरू केला तेव्हा माझा नंबर एकच होता. त्यावर माहेर, सासर, शाळेचा ग्रुप, भिशी आणि गिऱ्हाइकं. २०१७ मध्ये व्हॉट्सअॅपवर स्टेटस आलं आणि मीही सगळ्यांसारखे फोटो टाकायला लागले. एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि अजूनही कितीतरी जणींना ती ठाऊक नसते. दोघांनी एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले असले की एकमेकांचं स्टेटस दिसतं. ऑर्डर लिहून घेताना मी गिऱ्हाइकाचा नंबर सेव्ह करत होते, ‘कुलकर्णी चकली २ किलो’ अशा नावानं. माझा नंबर त्यांच्याकडे होताच. म्हणजे एकेक ऑर्डर घेताना मी एकेका अनोळखी घराला माझ्या बैठकीच्या खोलीची खिडकी उघडून देत होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

याचा फायदाही झाला, तोही सांगायला हवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझ्या खोलीत छातीभर पाणी होतं. वर्षाची हळद, चटणीचे डबे, पाकिटं, सीलिंगचं मशीन, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर मी चिखलात पडलेल्या लाल पिंपाचा एक फोटो टाकला, खाली काही लिहिलंही नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या, ठाण्यातल्या गिऱ्हाइकांचे फोन आले. एकीनं दिवाळीच्या फराळाचे सगळे पैसे ऑगस्टमध्येच पाठवले, “कर तुझ्या सवडीनं” म्हणाली. असे बावीस जणांनी पाठवले. त्यावर मी पुन्हा उभी राहिले. हे ऋण मी विसरलेले नाही.

पण त्यातून मी चुकीचा धडा घेतला. मला वाटलं, घर दाखवलं की माल खपतो. त्याच सुमाराला मी एका दोन दिवसांच्या मार्केटिंगच्या वर्गाला गेले. शिकवणाऱ्यांनी तेच सांगितलं : मालाचे फोटो कोणी बघत नाही, मुलं दाखवा, सासूबाई दाखवा, तुमचा संघर्ष दाखवा, रोज काहीतरी टाका. आम्ही तीस बायका होतो, वहीत लिहून घेतलं. आज मला त्या वर्गाची चीड येते ती यासाठी, की तिसाव्या मिनिटाला आम्हाला मुलांचे फोटो टाकायला सांगितलं गेलं आणि दोन दिवसांत एकदाही, मुलांना विचारा, असं कुणी म्हटलं नाही.

मी टाकत गेले. मुलीचे मार्क, नवऱ्याचा वाढदिवस, गणपतीची आरास, कोकणातली सहल. सहलीच्या फोटोवर एका बाईंचा लगेच निरोप आला, “आमची चटणी राहिली आणि तुम्ही समुद्रावर?” त्यांची चटणी ठरलेल्या दिवशीच पोचणार होती, पण त्या फोटोनंतर मी ते कितीही सांगितलं तरी पटण्यासारखं नव्हतं.

मुलीचं मात्र मला खरंच लागलं. नववीत असताना सायकलवरून पडून तिच्या पायाला प्लास्टर घातलं. मी फोटो टाकला, कारण त्या आठवड्यात डिलिव्हरीला उशीर होणार होता आणि लोकांना कारण दिसावं असं मला वाटलं. दीड महिन्यानं ती एकटी इथल्या विश्रामबाग भागात क्लासच्या बाहेर उभी असताना एक गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, “तू त्या चटणीवाल्या काकूंची मुलगी ना? निघालं का प्लास्टर? कुठला पाय होता, डावा ना?” माणूस भला असेल, मला तसं वाटतंही. पण ती घरी आली ती पांढरीफटक होऊन. ती मला म्हणाली, “आई, मी त्यांना ओळखत नाही आणि त्यांना माझा पाय माहीत आहे.” मी तिला समजवायला गेले की अगं, आपलं गिऱ्हाईक आहे. ती म्हणाली, “तुझं गिऱ्हाईक आहे.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सासूबाईंची गोष्ट निराळी. त्यांचे उडदाचे पापड म्हणजे लाटीला धार असायची, उजेडात धरला की पलीकडचं बोट दिसावं इतका पातळ. मी त्यांच्या हातांचा फोटो टाकला होता, लाटणं, पोळपाट, पिठानं पांढरी झालेली बोटं, मनगटात एकेक काचेची बांगडी. तो इतका आवडला की पुढे पाकिटावर ‘आजींच्या हातची चव’ असं छापून घेतलं. मग त्यांना कंपवाताचा त्रास सुरू झाला. लाटणं सुटलं. पापड कामाच्या बायका लाटत होत्या, उत्तमच लाटत होत्या, पण गिऱ्हाईक विचारायचं, “आजींनीच लाटलेत ना?” पहिल्यांदा मी “हो, त्यांच्याच पद्धतीचे” असं म्हटलं. आमच्या कामातल्या एका ताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, लाटत राहिल्या. पापड त्यांचे होते आणि नाव दुसऱ्याचं. घरातलं माणूस पाकिटावर चढवलं की ते म्हातारं होतं, आजारी पडतं, आणि पाकीट मात्र तसंच राहतं. उरलेली साडेतीन हजार पाकिटं मी रद्दीत घातली. नव्या पाकिटावर फक्त ‘उडीद पापड, हाताने लाटलेले’ एवढंच आहे, आणि ते खरं आहे.

दुसऱ्यांच्या घरातलंही मी बाहेर काढलं आहे, ते लपवणार नाही. मी डिंकाचे आणि अळिवाचे लाडूही करते, बहुतेक बाळंतिणींसाठी. एकदा पुण्याला जाणाऱ्या पार्सलचा फोटो टाकला, ‘बाळंतिणीचे लाडू निघाले’ म्हणून. पार्सलवरचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. आमच्याच गिऱ्हाइकांत त्यांचे पाहुणे होते. बाळ दिवसाच्या आधी आलेलं, पेटीत ठेवलेलं, आणि त्या लोकांनी अजून कुणाला काही कळवलेलं नव्हतं. त्या बाळाच्या आजीचा मला फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “आम्ही अजून देवापुढे साखरसुद्धा ठेवली नव्हती हो.” मी त्या दिवशी दोनदा माफी मागितली. आता पार्सलचा फोटो काढताना पत्त्याची बाजू खाली असते. हा आमच्याकडचा पहिला नियम आहे, आणि तो मला असा शिकावा लागला.

आता सुतकाचं सांगते, कारण मी खरी बदलले ती तेव्हा.

२०२३ ची दिवाळी. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, गावाकडे माझे चुलत सासरे गेले. आम्ही पहाटे जीपनं निघालो. वाटेत घरच्या ग्रुपवर फोटो आला, हार घातलेला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. भावकीतल्या सगळ्यांनी तो स्टेटसला ठेवला, मीही ठेवला. ते मला मुलीसारखं वागवायचे, मला तो ठेवावासा वाटला. त्यात धंदा माझ्या मनातही नव्हता. पण नंबर एकच होता. नऊ वाजता आम्ही स्मशानात असताना पहिला फोन आला. “काकू, तुमच्याकडे सुतक आहे का? मग फराळाचं कसं?”

वसुबारस ९ नोव्हेंबरला होती. दहावा ७ तारखेला, आणि तेरावा नेमका धनत्रयोदशीला. माझ्याकडे साडेचारशे किलोच्या ऑर्डरी होत्या. भाजणी दळून तयार, साजूक तुपाचे डबे आणलेले, नऊ बायकांचा महिन्याचा रोज त्यावर ठरलेला. त्या बायकांना काही सुतक नव्हतं, खोली घरापासून वेगळी, आणि दहा दिवस मी स्वतः कशालाही हात लावणार नाही हे मी जीपमध्येच ठरवलं होतं. घरी तर त्या वर्षी कढई चढलीच नाही. आमचा स्वतःचा फराळ माझ्या माहेरून आला. पण हे सगळं माझ्या डोक्यात होतं. लोकांना दिसला होता तो फक्त हार घातलेला फोटो. संध्याकाळपर्यंत चौदा जणांनी ऑर्डर रद्द केली, मिळून ६१ किलो.

सुतक पाळावं की नाही यावर मी इथे काही म्हणणार नाही. ज्याच्या घरात देवापुढे नैवेद्य जाणार त्याला ते विचारायचा पूर्ण हक्क आहे, असं मी मानते. मला बोचलं ते दुसरंच. विश्रामबागेतल्या एक आजी आठ वर्षं माझ्याकडून फराळ न्यायच्या. त्यांनीही रद्द केली. मी चौथ्या दिवशी धीर करून त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, कोण करतंय, कुठे करतंय. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हे तू मला पहिल्या दिवशी फोन करून सांगितलं असतंस, तर मी घेतला असता. मला असं दुसऱ्या लोकांबरोबर फोटोवरून कळलं. मग मला वाटलं, ही आता गप्प बसून माल खपवणार.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसले होते. आत चकल्या पडत होत्या, सोऱ्याचा कर्र आवाज येत होता, आणि मला आत जायचं नव्हतं. तिथे बसून मला वडिलांचा फळा आठवला. माझ्या घरात माणूस गेलं ही गोष्ट एकच होती. पण ती मला दोन ठिकाणी, दोन तऱ्हांनी सांगायला हवी होती. भावकीला हाराचा फोटो. गिऱ्हाइकाला एवढंच : घरी सुतक आहे, ७ तारखेपर्यंत मी कामात नाही, माल अमुक ठिकाणी अमुक बायका करत आहेत, ज्यांना नको असेल त्यांचे पैसे आज परत. पहिलं मी सगळ्यांना दाखवलं आणि दुसरं कुणालाच सांगितलं नाही. उलटं झालं. गिऱ्हाइकाला जे कळायला हवं होतं ते माझ्या दुःखाच्या फोटोखाली झाकलं गेलं.

चौथ्या दिवशी मी तो निरोप लिहिला आणि प्रत्येकाला वेगळा पाठवला. चौदांपैकी सहा जण परत आले. ते दिवाळीतलं सगळ्यात मोठं समाधान होतं, आणि त्याचं कारण पैसे नव्हतं.

त्या दिवाळीनंतर मी दुसरा नंबर घेतला. बिझनेस व्हॉट्सअॅप २०१८ पासून आपल्याकडे आहे, फुकट आहे, मीच पाच वर्षं आळस केला. त्यावर मालाची यादी भावासकट ठेवता येते, कामाची वेळ घालता येते, आणि वेळेनंतर कुणी लिहिलं तर आपोआप उत्तर जातं. माझं उत्तर असं आहे : ‘आमची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७. उद्या सकाळी नक्की कळवते.’ अमेरिकेतून रात्री दोनला येणारा निरोप आता मला उठवत नाही. आधी क्यूआर स्कॅन केला की नवऱ्याचं नाव यायचं, तेही बदललं, धंद्याच्या नावानं चालू खातं काढलं.

पण खरं काम होतं ते जुन्या फोनमधले नंबर निवडायचं. सातशेच्या वर होते. तीन संध्याकाळी मी आणि मुलगी बसलो. ‘चकली २ किलो’ वाले सोपे होते. अडले ते मधले. मुलीच्या शाळेतल्या बाई, ज्या दर उन्हाळ्यात पाच किलो चटणी नेतात. बँकेतल्या एक ताई, ज्या माझ्या बाळंतपणात घरी येऊन बसल्या होत्या. माझी शाळेतली मैत्रीण, जी पैसे देते तेव्हा तिलाही लाज वाटते आणि मलाही. यांना कुठल्या बाजूला टाकायचं? मुलगी म्हणाली, “यातलं कोण आपल्याकडे बोळातल्या दारानं आलं असतं?” ती गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली होती, मला आठवतही नव्हतं. तेवढ्यावर यादी झाली. ३८ गिऱ्हाइकं घरच्या नंबरवर राहिली. पुरात आगाऊ पैसे पाठवणारे बावीसही त्यात आहेत.

तरीही घरच्या नंबरवर सेटिंगमध्ये जाऊन स्टेटस कुणाला दिसावं तेही मी ठरवून ठेवलं आहे. सगळ्यांना, काही जण सोडून, किंवा ठरावीक लोकांनाच, असे तीन पर्याय तिथे असतात. दोन फोन परवडत नाहीत अशा बायकांनी एवढं तरी करावं, पाच मिनिटं लागतात.

लोकांना वाटतं, घरचं काढून टाकलं की धंद्याच्या नंबरवर टाकायला उरतं काय. मला उलट अनुभव आला. ब्याडगीचा भाव का चढला, यंदाची मिरची कशी निघाली, पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांवर अवकाळीचे चार थेंब पडले तेव्हा आम्ही कशा धावलो, हे मी टाकते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला जाणारी टपालाची पार्सलं थांबली, तेव्हा मी त्याच दिवशी कुरिअरचे दर आणि डबा किती वजनाचा करावा हे टाकलं. त्यावर आलेले निरोप मुलीच्या मार्कांवर आलेल्या निरोपांपेक्षा जास्त होते. माझा चेहरा दिसतो, माझा आवाज असतो, पापड लाटणाऱ्या ताईंचं नाव त्यांना विचारून असतं. माणूस दिसायलाच हवं, मी काही यंत्र नाही. पण मी दिसते ती काम करताना.

एक अडचण मात्र माझ्यानं सुटलेली नाही. खाण्याच्या पाकिटावर उत्पादकाचा पत्ता छापावा लागतो, अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा १४ आकडी क्रमांकही लागतो, आणि ते योग्यच आहे. बाधलं तर माणसानं जायचं कुणाकडे? माझी खोली वेगळी आहे म्हणून मी तिथला पत्ता देते. पण हजारो बायका घरच्या ओट्यावरच करतात. त्यांच्या पाकिटावर त्यांच्या घराचा पत्ता असतो, आणि फोनवर त्या घरातली मुलं, त्यांची शाळा, नवरा कधी बाहेरगावी आहे, सगळं असतं. दोन्ही एकत्र कुणाच्या हाती पडलं तर काय, हा विचार मला रात्री येतो. पत्ता टाळता येत नाही, मग दुसरं तरी टाळावं. बचत गटांच्या आणि उद्योग प्रशिक्षणाच्या वर्गांत लेबल कसं करावं हे शिकवतात. त्याच तासाला हेही शिकवलं जावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि तुम्हाला विनंती अशी. तुमच्या अर्थविषयक पानावर कारखानदार पुरुषांच्या मुलाखती येतात. त्यांना कुणी ‘घर सांभाळून कसं जमवता’ असं विचारलेलं मी पाहिलेलं नाही. सोफ्यावर मुलांसकट बसलेला त्यांचा फोटोही मी पाहिलेला नाही. आम्हाला मिरचीबद्दल विचारा. भांडवल कुठून आणलं, उधारी कशी वसूल करता, पुरानंतर विमा मिळाला का, ते विचारा. मी बारा वर्षांची वही काढून उत्तर देईन. तुमच्याकडची ती मुलगी मनापासून काम करत होती, तिला कुणी बोलू नये. तिला हे पत्र वाचायला द्यावं.

पत्र छापलंत तर माझं आणि माझ्या व्यवसायाचं नाव देऊ नये. दिलं तर ही जाहिरात होईल, आणि यातली माणसं ओळखू येतील. पाठवण्याआधी मी हे मुलीला वाचून दाखवलं. तिनं तिच्याबद्दलचं एक वाक्य काढायला सांगितलं. ते काढलं आहे.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली